अठरा की वीस

जर्मनीत टायर बदलण्याचा एक लोकप्रिय नियम आहे : 'फॉन ओ बिस ओ'. ओ ते ओ. ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत गाडीच्या पायात हिवाळी टायर. कायद्यात मात्र तारीख नाही. कायदा म्हणतो की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठून झालेला निसरडा थर असेल तर योग्य टायरशिवाय गाडी चालवायची नाही, मग तो जानेवारी असो की एप्रिल. योग्य टायर म्हणजे ज्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चिन्ह कोरलेलं असतं तो. पूर्वी नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेले जुने टायरही चालायचे, ती सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. आणि गाडीच्या मालकाने दुसऱ्या कुणाला तशी गाडी चालवू दिली, तर मालकाला ७५ युरो आणि पॉइंट.

हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. कारण गाडी माझ्या नावावर आहे आणि चालवते बायको.

ती नर्स आहे. आम्ही म्युनिक सोडून दक्षिणेला बाड ट्योल्त्सला राहायला आलो ते तिच्या नोकरीमुळे. माझं काम लॅपटॉपवर, आठवड्यातून दोनदा ट्रेनने ऑफिसला गेलो की भागतं. तिचं हॉस्पिटल इथून पश्चिमेला २६ किलोमीटर. सकाळची शिफ्ट सहाला सुरू होते, म्हणजे ती पाचला घर सोडते. त्या वेळी बस नाही, ट्रेन त्या दिशेला जात नाही, आणि आल्प्सच्या पायथ्याचा रस्ता चढत-उतरत, मध्येच जंगलातून जातो. बर्फ काढणारी गाडी येऊन गेलेली असेलच असं नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक जुनी छोटी हॅचबॅक होती. बाड हाइलब्रुनच्या पुढे एका वळणावर तिच्या समोरची गाडी सरळ रस्ता सोडून शेतात गेली. आवाज नाही, ब्रेकचा कर्कश्श सूर नाही. लाल दिवे शांतपणे बाजूला सरकले आणि खाली उतरले, असं ती सांगते. तो माणूस धड होता, स्वतःच दार उघडून बाहेर आला. तिने हजार्ड लावून गाडी थांबवली, त्याला जॅकेट दिलं, पोलिस येईपर्यंत थांबली आणि चाळीस मिनिटं उशिरा वॉर्डमध्ये पोचली. पण त्यानंतर तिला चारच्या गजराआधीच जाग यायला लागली. 'बर्फ दिसतो रे, त्याची भीती नाही,' ती म्हणाली. 'जे दिसत नाही ना खाली, त्याची वाटते.' मी म्हटलं, हिवाळाभर मी सोडायला येतो. ती म्हणाली, 'आणि मग मी कराडहून इथे आले कशाला? रोज नवऱ्याने सोडायला?' वॉर्ड बदलून दुपारची शिफ्ट मागायचा एक विचार तिच्या डोक्यात होता. ज्या वॉर्डसाठी तिने दोन वर्षं भाषा आणि मान्यतेच्या परीक्षा दिल्या, तोच सोडायचा.

तर, या हिवाळ्याआधी गाडी बदलायची ठरली. चार वर्षांची सेकंडहँड बीएमडब्ल्यू एक्स ३, डिझेल, चारही चाकांना ताकद देणारी. तिला उंच सीट हवी होती. मला काय हवं होतं ते एवढंच सांगतो, की ज्या मुलाने लहानपणी कराडच्या स्टँडसमोर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे लोगो पाठ केले, त्याला बोनेटवरचं ते निळं-पांढरं वर्तुळ स्वतःच्या पार्किंगमध्ये बघताना काय होतं, हे शब्दांत मांडायची गरज नाही. (गंमत म्हणजे बव्हेरियाचं नाव लावणारी ही गाडी बनलेली आहे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात. पासपोर्टच्या बाबतीत आम्ही दोघं सारखेच, इथले नाही.)

गाडी आली ती २० इंची काळ्या चाकांवर, उन्हाळी टायर घालून. दिसायला जबरदस्त. आपल्याकडे ज्याला मॅगव्हील म्हणतात त्याचा हा राजा. विकणाऱ्याकडे हिवाळी जोड नव्हता. 'फोर व्हील ड्राइव्ह आहे, काळजी नको,' असंही तो जाता जाता म्हणाला.

हे वाक्य मला नंतर इतक्या लोकांकडून ऐकायला मिळालं की त्यावर थोडं थांबलं पाहिजे. चारही चाकांना ताकद मिळते तेव्हा गाडी निघते छान. बर्फाच्या चढावर दोन चाकांची गाडी जागच्या जागी चाक फिरवत बसते तिथून ही निघून जाते. पण थांबताना? ब्रेक तर जगातल्या प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, आणि तिथे इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना जाते याचा काही संबंध नाही. उलट गाडी जड, जवळपास दोन टन, आणि ती निघताना घसरत नाही म्हणून चालवणाऱ्याला रस्ता खरा आहे त्यापेक्षा बरा वाटतो.

बारावीच्या फिजिक्सचं सूत्र काढून मी एक ढोबळ गणित केलं. वेग ताशी ५०. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर हिवाळी टायरला ०.३ मिळाला असं धरू : ३३ मीटर. तिथेच उन्हाळी टायरला ०.२ मिळाला तर ४९ मीटर. सोळा मीटरचा फरक ऐकायला फार वाटत नाही. पण गणित उलटं करा. हिवाळी टायरची गाडी जिथे पूर्ण थांबलेली आहे, त्या जागी उन्हाळी टायरची गाडी अजून ताशी २९ च्या वेगाने जात असते. तिथे कुणी उभं असेल तर? आणि निव्वळ बर्फाची काच असेल, घर्षणांक ०.१, तर शंभर मीटरच्या आसपास. त्या आकड्यापुढे कुठलाही टायर नम्रच असतो. स्कँडिनेव्हियात त्यासाठी खिळ्यांचे टायर असतात, जर्मनीत त्यांना बंदी आहे, रस्ते उखडतात म्हणून.

हिवाळी टायर वेगळा असतो तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे रबर. थंडीत रबर कडक होत जातं आणि एका तापमानाखाली काचेसारखं वागतं. नैसर्गिक रबराचं ते तापमान उणे ७० अंशांच्या आसपास आहे. उन्हाळी टायरमधली कृत्रिम रबराची मिश्रणं त्याच्या खूप आधी हट्टी होतात. म्हणून हिवाळी टायरात नैसर्गिक रबर जास्त, जोडीला सिलिका. आपल्या दोडामार्गकडे जी रबराची झाडं दिसतात ना, त्याच जातीच्या झाडाचा चीक. उष्ण, दमट प्रदेशातलं झाड आल्प्समध्ये सगळ्यात उपयोगी पडतं, हे मला फार आवडलेलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे टायरच्या ठोकळ्यांवर कापलेल्या शेकडो बारीक चिरा. त्या रस्त्यावर टेकताना उघडतात, बर्फ आत धरून ठेवतात, आणि बर्फाला बर्फाइतकं घट्ट दुसरं काही धरत नाही. लहानपणी लाडू वळताना बघितला असेल तर कळेल.

सात अंशांखाली तापमान गेलं की टायर बदला, असं सगळे सांगतात. ती रेषा ढोबळ आहे. सात अंशांवर कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर अजून नीट थांबतो. पण पहाटे पाचच्या रस्त्याला विचारून कुणी टायर बदलत नाही, म्हणून आधी बदललेला बरा.

आता प्रश्न चाकांचा. इथेच माझी आणि माझी झुंज होती.

या गाडीला कंपनीने मान्य केलेले हिवाळी साइझ साधारण तीन : १८ इंच, १९ इंच आणि २० इंच. मी ते आकडे एका शीटमध्ये टाकले (सॉफ्टवेअरवाला आहे, शीट केल्याशिवाय मला भाजीही आणता येत नाही). १८ चा टायर २२५/६०, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि कडेची उंची त्याच्या ६० टक्के, १३५ मिलिमीटर. २० चा पुढचा टायर २४५/४५, कडेची उंची ११०. आता पूर्ण चाकाचा व्यास काढा : १८ चा ७२७ मिलिमीटर, २० चा ७२८. म्हणजे चाक बाहेरून मोठं होतच नाही! मोठी होते ती मधली धातूची थाळी आणि तेवढंच कमी होतं रबर. जास्त पैसे देऊन आपण कमी टायर विकत घेतो.

कमी रबर म्हणजे खड्ड्याचा धक्का सरळ रिमवर. बर्फाखाली फुटपाथची कड लपलेली असते, तिथे २० इंची रिम खरवडली जाणार हे नक्की. रस्त्यावर टाकतात ते मीठ चकचकीत मशिन-कट रिमच्या वार्निशखाली शिरतं आणि पांढऱ्या अळ्यांसारखे डाग पाडतं. रुंद टायर बर्फाच्या चिखलावर लवकर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खाली रस्त्यापर्यंत जातो. शिवाय माझ्या गाडीच्या २० इंचात पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे, मागचे २७५. त्यामुळे झीज सारखी व्हावी म्हणून पुढचे मागे, मागचे पुढे करता येत नाहीत. आणि कधी डोंगरात साखळी लावायची वेळ आली, तर ती बसते अरुंद चाकावर. मोठ्यात आतल्या बाजूला जागाच उरत नाही.

दुसऱ्या बाजूला काय होतं? दिसणं. बस. १८ इंची चांदी रंगाची चाकं त्या गाडीला घातली की ती लग्नात सूटवर रबरी चप्पल घालून आलेल्या काकांसारखी दिसते. मी फोटो एकावर एक ठेवून बघितले. शोरूममध्ये २० इंची हिवाळी सेटचा भाव ३४०० युरो सांगितला, सेन्सर, टायर, सगळं धरून. रुपयांत तीन लाखांच्या वर. मी तो कागद चार दिवस बॅगेत घेऊन फिरलो.

बायकोला दाखवला. ती नाइट करून आली होती. तिने फोटो बघितला आणि विचारलं, 'यात मी लवकर थांबेन का?' मी म्हटलं, नाही. 'मग तू ऑफिसला घेऊन जाणारेस का ती?' मी म्हटलं, नाही. ती झोपायला गेली.

त्याच सुमारास आई-पप्पा आले होते, पहिल्यांदाच, तीन महिन्यांच्या व्हिसावर. पप्पा एसटीतून निवृत्त झाले. डेपोत, टायर सेक्शनला. आयुष्यभर त्यांनी टायर उतरवले, चढवले, रिमोल्डला पाठवले, घाटात बंद पडलेल्या गाडीकडे रात्री ब्रेकडाऊन व्हॅनमधून गेले. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात गोटा झालेल्या टायरचं काय होतं, हे त्यांना विचारावं. त्यांच्या हातांच्या रेषांत काळं कायमचं बसलंय, लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या वडलांचे हात असेच असतात.

माझी शीट त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. मग म्हणाले, 'गाडी थांबवतंय कोण? टायरच की. मग थाळीला कशाला पैसं?' एवढंच. फोर व्हीलचं कौतुक केल्यावर तर ते हसलेच. 'चारी चाकं ओढत्यात, खरं हाय. पण उतारावर ओढायचं नसतं बाळा, धरायचं असतं.'

मग आम्ही दोघं जुन्या सामानाच्या जाहिरातींत शिरलो. कंपनीच्याच मूळ १८ इंची रिम, सेन्सरसकट, वापरलेल्या टायरसकट, ५५० युरो. सेन्सर महत्त्वाचे, कारण नोव्हेंबर २०१४ पासूनच्या नव्या गाड्यांना हवेचा दाब मोजणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि ती हिवाळी चाकांतही चालली पाहिजे. मूळ रिम असण्याचा फायदा म्हणजे मान्यतेच्या कागदांचा त्रास नाही. बाहेरची रिम घेतली तर बोल्टचं अंतर, मधलं भोक, रिम किती आत बसते तो आकडा, हे सगळं जुळून वर तिचं प्रमाणपत्र गाडीत ठेवावं लागतं. इथल्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीवाल्यांना असल्या कागदांची आपल्या आरटीओइतकीच आवड.

विकणारे एक म्हातारे गृहस्थ होते, गोठ्यासारख्या लांबलचक गॅरेजमध्ये. पप्पांना जर्मन येत नाही, त्यांना मराठी. पप्पा खाली बसले, टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा शोधला, मला वाचायला लावला. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांचे टायर. मग अंगठ्याने रबर दाबलं, नखाने टोचलं, गुट्टीत बोट घातलं. म्हाताऱ्यांनी खिशातून दोन युरोचं नाणं काढून गुट्टीत उभं केलं. त्या नाण्याची बाहेरची चंदेरी कड चार मिलिमीटरची असते. ती दिसायला लागली की हिवाळी टायर संपला समजायचं. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर चालतं, पण चारखाली गेलेला हिवाळी टायर बर्फात नावापुरता. शेजारच्या ऑस्ट्रियात तर चार मिलिमीटर हाच कायदा आहे. दोन टायर सहाचे निघाले, दोन साडेचारचे. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून एकाच वेळी मान हलवत होते. मी दुभाषी म्हणून गेलो होतो, माझी गरज पडली फक्त पैसे देताना.

परतताना पप्पा म्हणाले, दोन नवे घे, ते सहावाले दोन ठेव, आणि नवे पुढं लाव. एसटीत तोच नियम : रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला कधीच नाही. पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातातून जातं, आणि मागे तर जोडीजोडीने चार चाकं असतात, एक गेलं तरी गाडी उभी राहते. मी इथल्या टायरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, चांगले टायर नेहमी मागे. पप्पांना ते अजिबात पटलं नाही. संध्याकाळभर आमचं यावर चाललं. आई म्हणाली, तिकडं डेपोत वाद घालायचा, आता इथं येऊन पण तेच.

पण दोघंही बरोबर होते, आणि ते का, हे उलगडताना मला खरी मजा आली. बसला भीती पुढचा टायर फुटण्याची. कारला निसरड्या रस्त्यावर भीती वेगळी. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायला नकार देते, सरळ जाते. माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वेग कमी होतो, पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडीचं शेपूट पुढे येतं आणि गाडी फिरते. ते सावरायला उलटं स्टेअरिंग मारावं लागतं, तेही अर्ध्या सेकंदात, पहाटे पाच वाजता. सामान्य चालकाला ते जमत नाही. म्हणून कारमध्ये चांगली पकड मागे. पप्पांनी ऐकलं, टेबलावर दोन काड्यापेट्या घेऊन एक फिरवून बघितली, आणि म्हणाले, 'हं. एकेरी चाक हाय म्हणून.' त्यांच्याकडून एवढी कबुली मोठी.

शेवटी तो वादच निकालात निघाला, कारण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरची झीज वेगळी असली की व्यास वेगळे होतात, चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि मधल्या गिअरबॉक्सला सतत ताण बसतो. नवा आठ-साडेआठ मिलिमीटरचा आणि जुना सहाचा, हे लग्न लावायचं नाही. घ्यायचे तर चार. पप्पांना हे लगेच पटलं, यंत्राला त्रास होतो म्हटलं की ते पुढे बोलत नाहीत.

टायर कुठला? टोरँटोचा मित्र म्हणाला, फिनलंडचा घे, मऊ, बर्फाचा बादशहा. फिनलंडच्या नोकियानने १९३४ मध्ये जगातला पहिला हिवाळी टायर काढला होता, त्यांचा शब्द मोठाच. पण नॉर्डिक टायर आणि मध्य युरोपचा हिवाळी टायर या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिला जाड बर्फ आणि कडक थंडीसाठी, फार मऊ. ओल्या डांबरावर आणि वेगात तो मऊपणाच आड येतो. दुसरा ओल्या रस्त्याचा विचार करून बनवलेला. जर्मन हवामान खात्याचा तासातासाचा डेटा सगळ्यांना खुला आहे. मी जवळच्या स्टेशनचे पहाटेचे आकडे काढून बघितले. चित्र असं, की तिचा रस्ता हिवाळ्यात पांढरा असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा काळा आणि ओला असतो, शून्याच्या दोन-तीन अंश वर-खाली. म्हणजे खरा शत्रू पाऊस, दव आणि त्यांचं रात्रीतून गोठणं. म्हणून युरोपियन लेबलवर ओल्या पकडीचा वर्ग आणि आडाकच्या चाचण्यांतले ओल्या ब्रेकिंगचे गुण, हे मी बर्फाच्या गुणांइतकेच महत्त्वाचे धरले. त्या लेबलवर आवाजाचे डेसिबलही असतात. ते मी शेवटच्या रकान्यात ढकलले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमचा रस्ता वेगळा, तुमची शीट वेगळी.

चार टायर, बसवणं, बॅलन्सिंग, जुन्या टायरची विल्हेवाट आणि त्या रिम धरून तेराशे युरोंच्या आसपास खर्च आला. टायरवर लिहिलं होतं १०४ एच. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत वेग. गाडीच्या कागदावर कमाल वेग २१३. तीन किलोमीटर कमी पडले म्हणून चालकाला दिसेल अशा जागी '२१०' चा स्टिकर लावावा लागतो. पप्पांना तो स्टिकर इतका आवडला की त्यांनी त्याचा फोटो डेपोच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, 'एवढी कोन पळवनार, सूनबाई का?'

ऑक्टोबरच्या मध्यावर एका रविवारी घरामागच्या अंगणात आम्ही चाकं बदलली. जॅक मी लावला, पाना त्यांनी घेतला. बोल्ट एकामागून एक गोल गोल कसायचे नाहीत, आमनेसामने कसायचे, तारा काढल्यासारखे, हे त्यांनी मला पाचवीत शिकवलं होतं. त्यांना नवीन होता तो टॉर्क रेंच. १४० न्यूटन मीटरला तो 'टक' करतो. पहिल्या 'टक'ला त्यांनी हात थांबवला, रेंच उलटा-सुलटा करून बघितला. मग पुढचा बोल्ट आधी त्यांनी साध्या पान्याने स्वतःच्या अंदाजाने कसला आणि वर रेंच लावला. लगेच टक. पाव फेरासुद्धा वाढला नाही. त्यांनी वर बघितलं नाही, पण वीसही बोल्ट तसेच केले. बायको वरच्या खिडकीतून बघत होती. खाली येऊन तिने चारही चाकांभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, हे नवीन आहेत म्हणजे लगेच धरतील ना? नाही, मी म्हटलं, पहिले काहीशे किलोमीटर जरा हळू, वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत. पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट परत तपासायचे. तिचा एक दिवसाचा येण्याजाण्याचा रस्ता ५२. सोमवारी दुपारी ती आली तेव्हा पप्पा रेंच घेऊन खाली उभेच होते.

आई-पप्पा दिवाळीआधी परत गेले. पहिला नीट बर्फ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडला, रात्रभर. पाच वाजता मी तिच्याबरोबर खाली गेलो. रस्ता पांढरा, पलीकडे इझारचा आवाज, बाकी काही नाही. तिने गल्लीत वीसच्या वेगाने गाडी घेतली आणि मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला, पायाखाली एबीएसची थरथर कशी लागते ते कळावं म्हणून. दोनदा. तिसऱ्यांदा न थांबता निघून गेली. पावणेसहाला मेसेज आला, 'पोचले. मागे ट्रक होता, त्याला चिडू दिलं.' मी तो कराडला पुढे पाठवला. तिकडे सव्वादहा वाजले होते, पप्पांचा अंगठा लगेच आला.

जंगलातल्या त्या वळणाबद्दल ती अजूनही फारसं बोलत नाही. गजराआधी जाग अजूनही येते, रोज नाही, फोनवर शून्याच्या आसपासचा आकडा दिसला की. वॉर्ड बदलायचा अर्ज तिने केला नाही.

ईस्टरनंतर चाकं उतरवली. गुट्टी मोजली : पुढे ७.४, मागे ७.१, शीटमध्ये टाकली. कुठलं चाक कुठे होतं ते खडूने लिहून ठेवायचं असतं, म्हणजे पुढच्या हंगामात पुढची-मागची अदलाबदल करता येते. जर्मनीत जर्मन अक्षरं लिहितात. पप्पा फोनवर होते, त्यांनी कॅमेरा टायरकडे फिरवायला लावला आणि एसटीच्या पद्धतीने सांगितलं. सध्या आमच्या तळघरात चार काळी चाकं एकावर एक ठेवलेली आहेत आणि त्यांच्यावर पांढऱ्या खडूने लिहिलंय : पु. डा., पु. उ., मा. डा., मा. उ. शेजारच्या बाईंनी विचारलं, ही कुठल्या कंपनीची?